ओनुफ्रीच्या दिवशी हजर

उस्तिन्या तेरेंत्येव्नाच्या नाकावर राग असायचा, हे कोसोय-ब्रोदमध्ये कुणालाही विचारा. पण तो राग फुकटचा नव्हता. नवरा जपानच्या लढाईत गेला, त्याचं प्रेत सोडा, साधी टोपीसुद्धा घरी आली नाही. मागे राहिलं काय, तर एक पोरगा, एक गाय आणि चर्चची भट्टी. त्या भट्टीत ती पूजेचे छोटे पाव भाजायची, वर क्रुसाचा शिक्का मारून. कुठल्या दिवशी कुठला संत, उपास कधी लागतो, कधी सुटतो, हे सगळं आधीपासून डोक्यात असल्याशिवाय ते काम व्हायचं नाही. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण वर्षाचा एकेक दिवस तोंडपाठ होता.

त्यामुळे गावाचं पंचांग म्हणजे उस्तिन्याच. कोबीची रोपं कधी लावायची, मेंढ्या कधी कातरायच्या, कुणाच्या आजोबाचं वर्षश्राद्ध कधी येतंय, सगळे तिच्या खिडकीवर टकटक करायचे. ती आधी दोन शब्द सुनवायची, मग दिवस सांगायची. सांगितलेला दिवस कधी चुकला नाही, म्हणून तिचं बोलणंही लोक खपवून घेत.

आता सरकारचं म्हणाल, तर मॉस्कोतल्या नव्या सरकारने आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात एका कागदाच्या फटकाऱ्याने तेरा दिवस उडवून टाकले होते. माणसं एकतीस जानेवारीला झोपली आणि उठली ती चौदा फेब्रुवारीला. गावाने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. उस्तिन्या म्हणाली, त्या तेरा दिवसांत माझ्या कोंबड्यांनी अंडी घातली ती काय मग सरकारने खाल्ली? हवं तर सरकारने आपले दिवस कापावेत, आमच्या संतांना हात लावू नये. झालं. कचेरीत नवी तारीख आणि गावात जुनी, असं सुरू झालं. गावसभेचा कारकून सावेली तर दोन्ही पाळायचा. कचेरीत बसला की नवी, घरी आला की जुनी, बूट काढून घरातल्या चपला घालाव्यात तसं. आणि यात काही घोळ होऊ शकतो, हे त्या शहाण्याच्या डोक्यातही आलं नाही.

नव्या सरकारचे लाल आणि त्याच्याविरुद्ध उठलेले पांढरे एकमेकांचे गळे धरून बसले होते, आणि दोघांनाही माणसं हवी होती. वसंतात लाल फौजेची भरती निघाली. कोसोय-ब्रोदच्या दहा जणांना कागद आले, त्यातला एकही गेला नाही. भित्रे होते म्हणून नव्हे हो. घोडे फौजेने नेलेले, घरात बायका आणि म्हातारी माणसं, शेत तसंच पडलेलं. खत कोण वाहणार, पडीक कोण नांगरणार? नदीपलीकडच्या झाडीत त्यांनी झोपड्या बांधल्या. गस्तीचे घोडेस्वार दिसले नाहीत की दिवसाढवळ्या येऊन शेतात राबायचे, दिसले की झाडीत. त्यांना कचेरी फरारी म्हणायची. आमच्या गावात त्यांना कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी नवरा म्हणत.

अकरावा होता उस्तिन्याचा येरेमेय, बावीस वर्षांचा. तो एकटाच खरा पळून आलेला. सहा महिने प्रांताच्या बराकीत काढून, बर्फ वितळताना, झाडाच्या सालीच्या फाटक्या चपला घालून तो घरी आला. बराकीत बूट नव्हते, पाव ओल्या मातीसारखा, आणि दर आठवड्याला तापाने दोघे-तिघे जात, असं त्याने सांगितलं. उस्तिन्याने भट्टीतला लाकडी फावडा घेतला आणि त्याच्या पाठीवर चार सणसणीत ओढल्या. शपथ घेऊन पळालास म्हणून. मग कोबीचं गरम सार वाढलं, अंगावरचे कपडे उवांसकट जाळले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच त्याला झाडीत पोचवून आली.

पवित्र त्रैक्याच्या सणाच्या रविवारी, पूजा सुटल्यावर, चर्चसमोर सावेलीने तालुक्याचा हुकूम वाचला. जो फरारी बारा जूनपर्यंत आपल्या पायांनी तालुक्याच्या कमिटीसमोर येईल, त्याला माफी. खटला नाही, शिक्षा नाही, तालुक्याच्याच पहारा-तुकडीत नेमणूक, आणि कापणीला रजासुद्धा. जो त्यानंतर सापडेल तो जाणूनबुजून फरारी. त्याच्या घरची गाय जाईल, जमीन जाईल, आणि इतरांना फूस लावणाऱ्याला गोळी.

बायका रडायला लागल्या, पण ते आनंदाचं रडणं होतं. सगळ्यांनी उस्तिन्याकडे पाहिलं. तिने डोळेही मिटले नाहीत, बोटंही मोजली नाहीत. बारा जून म्हणजे संत ओनुफ्री, म्हणाली. आजपासून सतरा दिवस. तेवढ्यात खत वाहून होईल, पडीक नांगरून होईल, मग जा म्हणावं पोरांना खुशाल. शेजारची दोम्ना, तिचा मुलगा कुझ्मा त्या दहांतला, तिने तर उस्तिन्याच्या गळ्यात पडून तिचे दोन्ही गाल चुंबले. सावेलीने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. रविवार होता ना, त्याच्या पायात घरच्या चपला होत्या.

सतरा दिवस गावाने जिवाचं रान केलं. झाडीतून माणसं उजेडात आली, गावात उरलेल्या चार घोड्यांवर अकरा घरांचं खत गेलं, पडीक नांगरली गेली. येरेमेय तर असा राबला की उस्तिन्याला संशय यावा. जेवायलाही बसायचा नाही, उभ्या उभ्या पाव तोडायचा. तिने त्याला हटकलं, काय रे, लांडगा मागे लागलाय का? तो पुढची खताची गाडी भरायला गेला. ओनुफ्रीच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी न्हाणीघर तापवून अंग घासलं. सकाळी धुतलेले सदरे, खांद्यावर झोळी, झोळीत पाव आणि लाकडी चमचा. एकजण गळ्यातली बाजाची पेटी वाजवत पुढे, बाकीचे मागे. उस्तिन्याही सहा कोस चालत बरोबर गेली. पोराला स्वतःच्या हाताने हवाली करायचं आणि कमिटीला सांगायचं, की याची पाठ मी आधीच सोलली आहे, तुम्ही आता राहू द्या.

कमिटीचा अध्यक्ष बुर्मिन, पूर्वी कापडाच्या दुकानात गजाने कापड मोजायचा. आता माणसं मोजत होता. एकदिवसाआड वरून तार यायची, किती पकडले, किती पाठवले. मुदत संपून गेली होती, आकडा कमी पडत होता, आणि त्याच सकाळी त्याने कोसोय-ब्रोदकडे धाड पाठवण्याचा हुकूम लिहिला होता. तेवढ्यात पेटी वाजवत अकराजण फाटकातून आत आले. त्याने धाडीचा कागद तसाच पुढे ओढला आणि त्यांची नावं त्यावर लिहायला घेतली.

उस्तिन्याला वाचता येत नव्हतं, पण संगिनी घेतलेले शिपाई पोरांच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले हे दिसत होतं. ती सरळ टेबलापाशी गेली.

"हे आपल्या पायांनी आलेत," ती म्हणाली. "माफी आहे ना त्यांना?"

"आज तारीख काय, आजीबाई?"

"बारा जून. ओनुफ्री."

बुर्मिनने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पेन्सिल टेकवली. "पंचवीस. तुमचा ओनुफ्री तेरा दिवस उशिरा आला."

उस्तिन्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मग कागदावर लिहिलं का नाहीत, तुमची बारा की आमची बारा?"

"बारा एकच असते."

"कुणाच्या घरी? सरकारचा माणूस गावात येतो, गावाचा पाव खातो, तेव्हा त्याला कळत नाही गावात कुठला दिवस चाललाय? या झोळ्या बघा. धाडीत सापडलेला माणूस धुतलेला सदरा घालून, चमचा घेऊन येतो का? तुम्ही कापड मोजायचात, तेव्हाही असंच गिऱ्हाईक फसवत होतात का?"

कुणीतरी शिपाई हसला. बुर्मिनचा चेहरा लाल झाला आणि उस्तिन्याला दंडाला धरून फाटकाबाहेर काढण्यात आलं. अहो, त्या माणसाला दिसत नव्हतं असं नाही. त्या झोळ्या त्याला स्वच्छ दिसत होत्या. पण आलेल्यांचा आकडा मागच्या तारेत पाठवून झाला होता, पकडलेल्यांचा रकाना रिकामा होता. माणूस कुठल्या रकान्यात बसतो यावर त्याचं मरण ठरवायचं, असला कारभार चालला होता. चीड येणार नाही तर काय होईल?

फाटकावरचा शिपाई पलीकडच्या गावचा, ओळखीचा. दुपारी त्यानेच तिला आतली हकिगत सांगितली. बुर्मिनने अकराही जणांना रांगेत उभं करून विचारलं, आजपर्यंत थांबा असं तुम्हाला कुणी सांगितलं. दहाजणांनी माना खाली घातल्या. पूजेचे पाव भाजणाऱ्या बाईचं नाव घ्यायचं कसं? तेवढ्यात येरेमेय पुढे आला आणि म्हणाला, मी. त्याला एकट्याला मागच्या कोठारात टाकलंय. उद्या सकाळी लष्करी कोर्ट, आणि कोर्टाला फार वेळ लागत नाही, असं सांगून शिपायाने दुसरीकडे पाहिलं.

ती कोठारामागे गेली. दाराच्या तळाशी मांजरासाठी ठेवतात तसं भोक होतं. उस्तिन्या चिखलात पालथी पडली आणि भोकाला तोंड लावून त्याला हाक मारली. आतून येरेमेयही जमिनीवर आडवा झाला असावा, त्याचा श्वास तिला जवळ ऐकू आला.

"गाढवा, माझं नाव का नाही घेतलंस? मला कोण गोळी घालतंय? मेलेल्या म्हातारीसाठी काडतूस वाया घालवतील होय?"

"तुला वाचवायला नाही म्हणालो, आई. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"बराकीत रोज सकाळी हजेरीला नवी तारीख पुकारायचे. सावेलीने वाचलं तेव्हाच कळलं मला. चार दिवस उरलेत. सतरा नव्हे."

उस्तिन्याने मुठीत चिखल आवळला.

"मग तोंड का शिवलं होतंस?" ती म्हणाली.

"तू सतरा म्हणालीस. सगळ्या गावासमोर. आणि आपलं खत उकिरड्यातच पडलेलं. गेल्या साली तू आणि दोम्नाकाकूंनी दोरी छातीला लावून नांगर ओढलात, हे मला बराकीत कळलं होतं. म्हटलं, यांना माणसं हवीत, तारखा कोण बघतंय. पंधरा दिवस इकडेतिकडे."

"आणि ते दहाजण? ते तर बराकीत कधी गेलेच नव्हते."

"ते माझ्याकडे बघत होते, आई. मी काही बोललो नाही, म्हणून त्यांना खरं वाटलं."

तिने हात भोकातून आत घातला आणि जो गाल सापडला त्यावर फाडकन मारली. मग दुसरी. तिसऱ्या वेळी हात त्याच्या तोंडावर नुसताच राहिला. दाढीचे खुंट होते, आणि ते ओले होते. तिला सगळ्यांचाच राग आला होता. त्याचा राग, बुर्मिनचा राग, सावेलीच्या चपलांचा राग, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, की भर सभेत डोळे न मिटता सतरा म्हणून बसली.

"आता ऐक," ती म्हणाली. "तुला काही माहीत नव्हतं. तुझी आई अडाणी म्हातारी, तिने दिवस चुकीचा सांगितला, तू तिचं ऐकलंस. कमिटीसमोर एवढंच म्हणायचं."

"खोटं बोलू?"

"सतरा दिवस गप्प बसलास, तेव्हा काय खरं बोलत होतास?"

"लोक तुझ्या तोंडावर थुंकतील."

"तोंड माझं आहे. तू बोलणार आहेस की नाही? नाही बोललास तर मी त्यांना सांगेन की मी तुला जन्मच दिला नाही, आणि तू मेलास तर तुझ्या आत्म्यासाठी तुझ्या नावाचा पाव भाजणार नाही. एकही नाही. कुणाला भाजू देणार नाही."

तो रडत हो म्हणाला. उस्तिन्याने हात बाहेर काढला, परकराला चिखल पुसला आणि परत टेबलापाशी जाऊन उभी राहिली. या खेपेला तिने आवाज चढवला नाही. हुकुमात तीन प्रकार आहेत असं शिपायाने सांगितलंय, ती म्हणाली. मुदतीत आलेले, जाणूनबुजून पळालेले, आणि अडाणीपणामुळे फसलेले. हे अकराही तिसऱ्यातले. फसवणारी मी. जुने दिवस मी सांगते, साऱ्या गावाला विचारा.

बुर्मिनला दया आली असं कुणी सांगू नये. त्याच दुपारी दक्षिण आघाडीची तार आली होती, माणसं पाठवा, ताबडतोब. मेलेला माणूस त्या तारेला उपयोगाचा नव्हता. त्याने येरेमेयला आणवलं. येरेमेय दहाजणांच्या देखत, भिंतीकडे बघत, शिकवलेलं बोलला. माझी आई अडाणी आहे. तिने चुकीचा दिवस सांगितला. मी तिचं ऐकलं. त्याचा आवाज लाकडासारखा होता. ते शब्द तिनेच त्याच्या तोंडात घातले होते, तरी ऐकताना तिला वाटलं की उठून त्याच्या कानफटात द्यावी.

मग कागद झाला. बाजारात, हातगाड्या आणि बायकांच्या गर्दीसमोर, कारकुनाने तो मोठ्याने वाचला. कोसोय-ब्रोदची उस्तिन्या तेरेंत्येव्ना हिने अज्ञान आणि अंधश्रद्धा यांमुळे अकराजणांना चुकीची तारीख सांगून फरारी ठेवलं. गाय जप्त. शिक्षा म्हणून कापणीपर्यंत बराकीत कपडे धुणं. जिने आयुष्यात एकही सण चुकवला नाही, तिने त्या कागदावर अंगठा उमटवला. अंगठा इतका जोरात दाबला की कागद फाटला आणि कारकुनाला दुसरा लिहावा लागला. दुसऱ्यावरही तिने अंगठा दिला.

अकराजणांना पहारा-तुकडीही मिळाली नाही आणि कापणीची रजाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आगगाडीने त्यांना सरळ दक्षिणेला पाठवलं.

कापणी संपल्यावर ती बराकीतून सुटून गावी आली, साबणाने हात फुटलेले. खिडकीवर टकटक करणारं आता कुणी नव्हतं. पाव भाजायचं काम दुसऱ्या बाईला मिळालं होतं, आणि ती दिवस विचारायला पाद्री राहायचा त्या दुसऱ्या गावी चालत जायची. हिवाळ्याच्या तोंडावर कुझ्मा मेल्याचा कागद आला. दोम्ना तो हातात घेऊन उस्तिन्याच्या दारात आली. आत आली नाही, उंबऱ्यावर उभी राहिली.

"मुदतीत गेला असता तर तालुक्यात राहिला असता," दोम्ना म्हणाली. "तुझ्या सतरा दिवसांनी खाल्लं माझं पोर. आणि तुझा मात्र जिवंत आहे."

दोम्नाने थुंकी टाकली ती उस्तिन्याच्या पायाशी पडली. कुणाचा अर्धा शब्द न ऐकून घेणारी ही बाई. तिच्या जिभेच्या टोकावर दोन शब्द होते, आणि ते बोलली असती तर दोम्नाने तिला सोडून दिलं असतं. ते शब्द येरेमेयबद्दलचे होते. ती म्हणाली, "हो. माझीच चूक." दार लावलं, आणि भांड्यातल्या पिठाच्या गोळ्यावर दोन्ही मुठींनी इतकं मारलं की भांडं टेबलावरून खाली आलं.

दीड वर्षाने येरेमेय परतला. डाव्या हाताची तीन बोटं गेलेली, बाकी धड. उस्तिन्याने न्हाणीघर तापवलं, कुट्टूची लापशी केली, तो जेवेपर्यंत समोर बसून राहिली. बर्फ जाऊन जमीन वाफशाला आली, तेव्हा त्याने नांगर काढला आणि मागून आणलेला घोडा आपल्या शेताकडे वळवला. ती आडवी आली आणि तिने लगाम धरला.

"आधी दोम्नाचं शेत."

"आपलं झाल्यावर जातो ना तिकडे."

"आधी तिचं. यंदाही आणि दर वर्षी. ती आहे तोवर, आणि तू आहेस तोवर."

तो घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. गावात त्याने सगळ्यांच्या नजरा ओळखल्या होत्या. आईच्या खिडकीवर कुणी येत नाही, हेही पाहिलं होतं.

"विचारलं तिने, का म्हणून, तर काय सांगू?"

"काही सांगायचं नाहीस," उस्तिन्या म्हणाली. "नुसतं नांगरायचं. बोलायचं होतं तेव्हा तू गप्प बसलास, आता जन्मभर गप्प बस."

तिने लगाम सोडला. येरेमेयने घोडा वळवला.